मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल कसा पारखावा?

कापडाच्या धंद्यात आपण चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. ताग्यावर १०० मीटर लिहिलेले असले तरी दोन-चार तागे उलगडून मोजतो, पन्हा पाहतो, सूत चिमटीत धरतो, कापड उजेडात धरून डाग-छिद्र शोधतो. एका ताग्यात दोन मीटर कमी भरले तर त्याच दिवशी फोन जातो. पण याच व्यापाऱ्याच्या हाती घराच्या किंवा कारखान्याच्या मूल्यांकनाचा पंधरा-वीस पानी अहवाल आला, की तो सरळ शेवटचे पान उघडतो, आकडा पाहतो आणि फाईल बंद करतो. मीही तेच केले होते.

अब्बांच्या इंतकालानंतर मालेगावातील आमची वडिलोपार्जित इमारत वाटून घ्यायची होती. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर राहते घर. वारस आम्ही दोन भाऊ आणि दोन बहिणी. अम्मी आधीच गेल्या होत्या. शरीयतप्रमाणे सहा हिस्से होतात, भावांचे दोन-दोन आणि बहिणींचा एक-एक. इमारत तोडून वाटता येत नव्हती. म्हणून आम्ही भावांनी ती ठेवावी आणि बहिणींना रोख रक्कम द्यावी असे ठरले. २०१९ साली आम्हीच एका मूल्यांकनकाराला बोलावले. अहवाल आला, आकडा दिसला आणि हक्कसोड पत्राचा मसुदाही तयार झाला. सही करण्याआधी थोरल्या आपाने अहवाल चाळला आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, वरच्या मजल्याची किल्ली तर माझ्याकडे असते. मोजायला वर कोण गेले होते?"

कोणीच गेले नव्हते. त्या एका प्रश्नानंतर मी तो अहवाल पहिल्या पानापासून वाचला आणि मग असे अहवाल कसे वाचावेत ते शिकलो. बँकेचे कर्ज, भागीदारीची फारकत, विमा, विक्री किंवा वारसांची वाटणी यांपैकी एखाद्या वेळी असा कागद प्रत्येकाच्या हाती येतो. म्हणून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहे.

पहिले पान : कोणासाठी, कशासाठी, कोणत्या दिवसाचे?

एकाच इमारतीची खरी वाटावी अशी चार वेगवेगळी मूल्ये असू शकतात. म्हणून अहवालात हेतू लिहिलेला नसेल तर पुढचे सर्व व्यर्थ आहे.

बँकेसाठीच्या अहवालात बहुधा तीन आकडे असतात : रास्त बाजारमूल्य, प्रत्यक्ष वसूल होऊ शकेल असे मूल्य आणि घाईच्या विक्रीचे मूल्य. तिसरा आकडा सर्वांत लहान असतो, कारण कर्ज बुडाल्यास लिलावात काय हाती येईल याचा तो अंदाज असतो. विम्याच्या अहवालात जमिनीची किंमत धरायची नसते. आगीत इमारत जळते, जमीन जळत नाही. तेथे ती इमारत आज पुन्हा बांधायला किती खर्च येईल हे पाहायचे असते. आयकरासाठी जुन्या मालमत्तेचे १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य लागते; २०१७ च्या अर्थ अधिनियमापूर्वी ही तारीख १ एप्रिल १९८१ होती. वाटणीसाठी मात्र सरळ, रास्त बाजारमूल्य हवे. बँकेसाठी काढलेला घाईच्या विक्रीचा आकडा बहिणीपुढे ठेवणे म्हणजे सेलच्या भावाने तिचा माल उचलणे होय.

तारखाही तीन असतात : पाहणीची, मूल्य ज्या दिवसाचे आहे ती आणि अहवालावर सही केल्याची. तिन्ही स्वतंत्र लिहिलेल्या हव्यात. अब्बा गेले त्या वर्षाचा दर लावून आठ वर्षांनी पैसे दिले, तर मधल्या काळातली वाढ ताबा असणाऱ्याच्याच घरात राहते. माझ्या मते रक्कम ज्या सुमारास हाती पडते, मूल्यही त्या सुमाराचेच असावे.

माप : सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक

आमच्या अहवालातील पहिली चूक मापाची निघाली. वरच्या मजल्यावर पूर्वी पत्र्याचे शेड होते. नंतर परवानगी घेऊन तेथे स्लॅबचे घर बांधले, पण घरपट्टीच्या नोंदीत जुने शेडच राहिले. मूल्यांकनकाराने पावतीवरचा आकडा उतरवला. शेड ५५ चौरस मीटरचे होते, प्रत्यक्ष घर १०५ चौरस मीटरचे आहे. नोंद बदलून घेण्याचे काम आमचेच होते आणि तोवर घरपट्टीही आम्ही कमी भरत होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा, की अहवालातील क्षेत्रफळ कोठून आले ते पाहा. प्रत्यक्ष मोजले, कागदावरून उतरवले की मालकाने सांगितले? चांगल्या अहवालात खोलीवार लांबी-रुंदीचा तक्ता आणि हातचा नकाशा असतो. टेप घेऊन त्यातल्या दोन खोल्या स्वतः मोजा. त्या जुळल्या तर बाकीच्यावर भरवसा ठेवता येतो.

दुसरे म्हणजे एकक. मालमत्ता पत्रकावर चौरस मीटर असतात, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, आपल्या बोलण्यात गुंठे आणि चौरस फूट. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. १ आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एक एकर. आर आणि गुंठा सारखेच समजून चालणारे पुष्कळ आहेत. एका गुंठ्यात फरक १ चौरस मीटरचा दिसतो, पण चार एकरांत तो सुमारे १८७ चौरस मीटर होतो. एवढ्यात एक चांगला प्लॉट निघतो.

तिसरे म्हणजे फ्लॅट आणि गाळ्याचे माप. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप ही तीन वेगळी मापे आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली : बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून, आतल्या भिंती धरून वापरता येणारी जागा. दर ज्या मापाचा, क्षेत्रही त्याच मापाचे हवे. सुपर बिल्ट-अप क्षेत्राला कार्पेटचा दर लावला की आकडा फुगतो. उलट केले की आटतो. कर्ज घेणाऱ्याला फुगलेला आकडा गोड वाटतो आणि हिस्सा देणाऱ्याला आटलेला. दोन्ही खोटे मापच आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल्यांकनकाराचा नकाशा म्हणजे हद्दीची मोजणी नव्हे. कुंपण कोठे, शेजाऱ्याची भिंत कोणाच्या जागेत, असा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येतो आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. अहवालात चतुःसीमा दिलेल्या असतील तर त्या खरेदीखताशी ताडून पाहा आणि मग जागेवर उभे राहून चारही दिशांना पाहा. खरेदीखतात पूर्वेला नाला असेल आणि जागेवर रस्ता असेल, तर त्याचा खुलासा अहवालात हवा.

हक्क : कोणाची जागा, कोणत्या प्रकारची?

मूल्यांकनकार मालकीचा निवाडा करत नाही. ते काम वकिलाचे, आणि त्यासाठी साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे. पण हक्कात खोट असेल तर किंमत बदलते. म्हणून कोणते कागद पाहिले याची यादी अहवालात असलीच पाहिजे : खरेदीखत, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, फेरफार, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी. सातबारा आणि मालमत्ता पत्रक आता डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळतात, त्यामुळे "कागद उपलब्ध झाला नाही" ही सबब सहसा मानू नये.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. अशा जमिनीला मोकळ्या जमिनीचा दर लावलेला अहवाल चुकीचा आहे. देवस्थान इनामाच्या जमिनींबाबतही हेच. आपल्या वस्त्यांत वक्फच्या जमिनीही पुष्कळ आहेत. वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस किंवा गहाण यांना २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट मनाई झाली. वक्फच्या जागेतल्या भाडेकरूने जर त्या जागेचा मालक म्हणून बाजारभावाचा अहवाल करून आणला, तर कागद कितीही गुळगुळीत असो, त्याची किंमत शून्य आहे.

विकास आराखड्यातील रस्ता किंवा आरक्षण जागेवरून जाते का, हेही पाहावे. जुने भाडेकरू असतील तर ते किती, भाडे किती, पागडीचे की करारावरचे, हे लिहिलेले हवे. जुन्या भाड्याने भरलेली चाळ आणि तशीच रिकामी इमारत यांची किंमत एक कशी असेल? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे संरक्षण असलेला भाडेकरू मालकाला वाटेल तेव्हा काढता येत नाही आणि खरेदीदार हे पाहूनच भाव करतो.

दर : कोणत्या व्यवहारावरून काढला?

आमच्या अहवालातील दुसरी चूक दराची होती. इमारतीचा दरवाजा गल्लीत उघडतो, पण जागेचे तोंड मोठ्या रस्त्यावर आहे. मूल्यांकनकाराने गल्लीचा दर लावला, प्रति चौरस मीटर १८,०००. रस्त्यावरच्या जागांचे त्या वर्षीचे व्यवहार २४,००० च्या आसपास झाले होते.

दराबाबत चांगल्या आणि वाईट अहवालात फरक ओळखणे सोपे आहे. वाईट अहवालात एकच वाक्य असते : "स्थानिक चौकशीवरून दर असा धरला." चौकशी कोणाकडे, कधी, कोणत्या जागेची, याचा पत्ता नसतो. चांगल्या अहवालात निदान तीन व्यवहार दिलेले असतात. प्रत्येकाची दस्त नोंदणीची तारीख, क्षेत्र, किंमत आणि आपल्या जागेपासूनचे अंतर लिहिलेले असते. मग फरकाचा हिशेब असतो : ती जागा कोपऱ्यावर आहे म्हणून इतके कमी, ती दोन वर्षांपूर्वीची आहे म्हणून इतके जास्त. दस्ताचा सारांश ज्यात असतो तो इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक २ आपल्यालाही काढता येतो. तीनपैकी एक दस्त तपासून पाहावा.

पुष्कळजण म्हणतात, सरकारी रेडी रेकनर आहे ना, तोच दर लावा. रेडी रेकनर म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता मुद्रांक शुल्कासाठी आहे. त्यात गावाचे विभाग पाडून मोकळी जमीन, निवास, दुकान, कार्यालय, औद्योगिक असे दर दिलेले असतात. विशिष्ट जागेचे गुण-दोष त्यात येत नाहीत. १९९४ साली जवाजी नागनाथम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मुद्रांकासाठी ठेवलेल्या अशा दरपत्रकावरून भूसंपादनातील बाजारमूल्य ठरवता येत नाही. तो दर खालची एक खूण म्हणून अहवालात जरूर असावा. पण तोच अंतिम दर असेल आणि दुसरा एकही व्यवहार नसेल, तर मूल्यांकनकाराने आपले काम केलेले नाही असे समजा.

इमारत : वय आणि घसारा

बांधकामाची किंमत काढताना आज नवे बांधायचा खर्च धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात. समजा नव्या बांधकामाचा दर १६,००० रुपये प्रति चौरस मीटर आहे, इमारतीचे एकूण आयुष्य ६० वर्षे धरले आहे, वय ३० वर्षे आहे आणि शेवटी भंगाराची किंमत १० टक्के धरली आहे. मग ९० टक्क्यांचा अर्धा, म्हणजे ४५ टक्के घसारा जातो आणि दर ८,८०० उरतो. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो. अहवालात वय, आयुष्य आणि घसाऱ्याचे टक्के लिहिलेले नसतील तर मूल्यांकनकाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर शंका घ्या.

पॉवरलूमच्या इमारतींना यंत्रांचे हादरे बसतात. तेथे साधा वयाचा हिशेब पुरत नाही. तडे, गंजलेल्या सळ्या, गळती यांची नोंद आणि छायाचित्रे हवीत. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत जिलानी इमारत कोसळली आणि कित्येक कुटुंबे झोपेतच गाडली गेली. ज्या अहवालात प्रत्येक इमारतीपुढे "स्थिती चांगली" असे ठरलेले वाक्य असते, तो वाचणाऱ्याने ही घटना आठवावी. जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, हे अहवालात नसेल तर स्वतः विचारावे.

लूम, वार्पिंग मशीन, मोटारी यांची किंमत इमारतीत मिसळलेली नसावी. जमीन-इमारत आणि यंत्रसामग्री हे मूल्यांकनाचे वेगळे वर्ग आहेत आणि त्यांची नोंदणीही वेगळी असते.

सही करणारा कोण?

कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यांकनकारांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि त्यांची नोंदणी भारतीय दिवाळखोरी व नादारी मंडळाकडे होते. त्या नियमांतील आचारसंहितेत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. ग्राहकाच्या सोयीचे मूल्यांकन करायचे नाही आणि काम यशस्वी झाले तरच मिळेल अशी फी घ्यायची नाही. मूल्यांकनकार या नियमांखालील असो वा नसो, त्याला याच दोन कसोट्या लावाव्यात. तो पहिल्याच भेटीत "किती आकडा हवा?" असे विचारत असेल, तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

शेवटी बारीक अक्षरातल्या अटीही वाचा. "मालकाने दिलेल्या माहितीवर विसंबून" असे वाक्य बहुतेक अहवालांत असते आणि एका मर्यादेपर्यंत ते रास्त आहे. पण क्षेत्र मालकाने सांगितलेले, वय मालकाने सांगितलेले आणि दर चौकशीवरून, असे असेल तर मूल्यांकनकाराने स्वतः काय पाहिले? छायाचित्रांत जागेची ओळख पटते का, आतल्या खोल्या दिसतात का, हे पाहा. आमच्या अहवालात चारही फोटो रस्त्यावरून काढलेले होते. तेवढे जरी मी पाहिले असते, तर आपाला विचारावे लागले नसते.

आमच्या अहवालाचा हिशेब

आता फरक किती पडला ते पाहा. जमीन १६८ चौरस मीटर. पहिल्या अहवालात १८,००० दराने ३० लाख २४ हजार. बांधकाम तळमजला १३० आणि वरचे शेड ५५, मिळून १८५ चौरस मीटर. ८,८०० दराने १६ लाख २८ हजार. एकूण ४६ लाख ५२ हजार. सहावा हिस्सा सुमारे ७ लाख ७५ हजार.

मग दुसरा मूल्यांकनकार बोलावला. या वेळी निवड बहिणींनी केली, फी चौघांनी वाटून दिली. जमीन २४,००० दराने ४० लाख ३२ हजार. बांधकाम १३० आणि १०५, मिळून २३५ चौरस मीटर. त्याच ८,८०० दराने २० लाख ६८ हजार. एकूण ६१ लाख. सहावा हिस्सा सुमारे १० लाख १७ हजार. वरचा मजला नवा असल्याने त्याचा घसारा कमी धरून आणखी थोडी भर पडली, ती येथे सोडून देतो.

म्हणजे एका बहिणीचे २ लाख ४१ हजार रुपये केवळ एका न चढलेल्या जिन्यामुळे आणि एका गल्लीच्या दरामुळे जात होते. ते पैसे हवेत जात नव्हते, आम्हा दोघा भावांकडे राहणार होते. मूल्यांकनकाराला चुकीचे करायला मी सांगितले नव्हते. पण आकडा मला सोयीचा होता म्हणून मी तो तपासलाही नव्हता. ताग्यात दोन मीटर कमी भरले असते तर त्याच दिवशी फोन केला असता.

फाईल बंद करण्याआधी

अहवाल हाती आला की शेवटचे पान उघडण्याआधी हे सात प्रश्न विचारा. हेतू आणि तारीख लिहिली आहे का? आत जाऊन मोजले का? क्षेत्र आणि दर एकाच मापाचे आहेत का? कागदांची यादी आणि जमिनीचा प्रकार दिला आहे का? दरामागे नोंदलेले व्यवहार आहेत का? वय आणि घसाऱ्याचा हिशेब मांडला आहे का? आणि हा अहवाल ज्याच्या विरुद्ध जातो, त्याला तो वाचायला मिळाला का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. वाटणी असेल तर बहिणींना, भागीदारी असेल तर बाहेर पडणाऱ्याला अहवालाची पूर्ण प्रत सही मागण्याच्या निदान आठ दिवस आधी द्या. ज्याचे नुकसान होणार असते तोच चूक लवकर पकडतो.

मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे. आपण व्यापारी ती तराजू आणि गजापुरती समजतो. मूल्यांकनाचा अहवाल हाही एक गजच आहे, आणि त्याने आपल्याच घरातल्या माणसांचा हक्क मोजला जातो. अल्लाह आपणा सर्वांना पुरे माप देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.